चौपट ताणून ओठाला

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी, स्वेटर अंगात चढवून झाला की, आत्या पहिल्या रिळावरचा वीतभर धागा कापायची. तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून एका झटक्यात चौपट ताणायची आणि ताणलेला तसाच वरच्या ओठाला लावायची. धागा कोमट लागायचा. मग सैल सोडून पुन्हा ओठाला. आता गार. "आहे, जिवंत आहे," असं ती स्वतःशी पुटपुटायची आणि मगच तो तुकडा चाचणीच्या यंत्राच्या जबड्यात जायचा. मग दुसरं रीळ, दुसरा तुकडा, पुन्हा ओठ. दिवसाला चाळीस रिळं, आणि अशी एकोणीस वर्षं. एवढ्या वेळा तिने नवऱ्याच्या नावाने हाकही मारली नसेल.

कारखान्यात ताणला जाणारा धागा बनायचा. केसाहून जरासा जाड, दुधी रंगाचा, हाताला किंचित चिकटणारा. तो पुढे पायमोज्यांच्या काठात जायचा, पोहण्याच्या कपड्यांत, बँडेजमध्ये, पायजम्यांच्या कमरेत. जे जे घसरू नये असं माणसाला मनापासून वाटतं, त्या सगळ्यात तो असायचा. तो किती जोराने ओढ धरतो, हे मोजणं आत्याचं काम. तुकडा जबड्यात धरायचा, यंत्राने तो तिप्पट ताणायचा, तेवढ्याला किती जोर लागला तो आकडा काट्यावर वाचून वहीत लिहायचा. खोली लहान, बिनखिडकीची, आणि तिथे बारा महिने एकच हवा. बाहेर घामाच्या धारा लागोत की दात वाजोत, आत वीस अंश म्हणजे वीस, कारण गरम-गार झालं की धाग्याचा स्वभाव बदलतो. म्हणून स्वेटर. भर उन्हाळ्यात तिला स्वेटरमध्ये बघून नवी माणसं तिच्या तब्येतीची चौकशी करायची.

आत्या हे नाव पडलं ते तिच्या भाचीमुळे. भाची रिळं भरायच्या विभागात लागली आणि पहिल्याच आठवड्यात आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडली, "आत्याऽऽ, चष्मा विसरलीस!" त्या दिवसापासून ती तीनशे जणांची आत्या झाली. मॅनेजरसाहेब तिच्याहून दोन वर्षांनी मोठे होते, पण तेही आत्याच म्हणायचे. "तीनशे भाचरं आहेत मला," ती सांगायची, "आणि वाढदिवसाला फोन एकाचा नाही."

घरी मास्तर. म्हणजे तिचे यजमान, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यभर शिट्टी फुंकत उभं राहिल्याने त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट पायमोजे दिले होते, आणि ते आत्याच्याच कारखान्यातल्या धाग्याचे निघाले. पायजम्याची कमरही त्याच धाग्याची. "माझे पाय आणि माझी अब्रू," मास्तर पाहुण्यांना सांगायचे, "दोन्ही हिच्या हातात आहेत."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवं यंत्र आलं.

ते आलं तेव्हा त्याच्याबरोबर एक केमिस्ट मुलगी आली, सव्वीस वर्षांची, पातळ शर्टातली. अर्ध्या तासात तिचे ओठ निळे पडले. आत्याने कपाटातला दुसरा, एक बटण तुटलेला स्वेटर काढून तिच्या अंगावर टाकला. "घाल. शिकलेल्यांनाही थंडी वाजते." त्या वाक्यावर दोघींचं जमलं. यंत्र मात्र कोणाशी जमवून घेणारं नव्हतं. ते रिळावरून धागा स्वतः उचलायचं, स्वतः कापायचं, स्वतः ताणायचं आणि पडद्यावर निळी रेघ काढून आकडा दाखवायचं. माणसाचा हात कुठेच नाही.

दोन्ही यंत्रांवर एकाच रिळाची चाचणी केली. आत्याच्या यंत्रावर आठ, नव्या यंत्रावर दहा. दुसरं रीळ घेतलं. आठ, दहा. तिसरं, चौथं, विसावं. जणू दोघींनी एकच माणूस पाहिला आणि एक म्हणाली बुटका, दुसरी म्हणाली उंच, आणि दोघी वीस वेळा तेच म्हणत राहिल्या.

सोमवारी मॅनेजरसाहेब स्वतः आले. खोलीत आले की ते दोन्ही हात काखेत घालून उभे राहायचे.

"दोनातलं एक चूक आहे," ते म्हणाले.

"नवं," आत्या म्हणाली.

"ते परवाच पेटीतून काढलंय आत्या. त्याला चुकायला वेळ तरी मिळालाय का?"

"मला एकोणीस वर्षं मिळाली. म्हणून मी चुकते असं म्हणायचंय का साहेबांना?"

साहेबांना नेमकं तेच म्हणायचं होतं, पण त्यांनी ते वळसा घालून सांगितलं. पुढच्या सोमवारी पायमोजेवाल्या कंपनीचा माणूस येणार होता. तोपर्यंत आकडे जुळले नाहीत तर खोली यंत्राची, केमिस्ट यंत्राबरोबर, आणि आत्याची बदली पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे पत्र्याची मोठी शेड, आठ तास उभं राहून खोक्यांना चिकटपट्टी, आणि त्या पट्टीची कर्रर्र किंकाळी. तिथे धागा खोक्यात बंद होऊन यायचा. दिसायचासुद्धा नाही.

"मला ही खोली सोडायची नाहीये," साहेब गेल्यावर आत्या म्हणाली. एवढं सरळ ती सहसा बोलायची नाही.

मंगळवार, बुधवार दोघींनी शोधाशोध केली. जबड्यांची पकड तपासली. तापमान तपासलं. कापलेल्या तुकड्याची लांबी दोन पट्ट्यांनी मोजली. भिंतीवर चौकटीत लावलेली कामाची पद्धत केमिस्टने ओळीओळीने वाचली. तुकडा कापा. जबड्यात धरा. यंत्र सुरू करा. आकडा लिहा. आत्या सगळं तस्संच करत होती. ओठाचं त्यात कुठे लिहिलं नव्हतं, आणि आत्याला ते सांगावंसं वाटलं नाही, कारण तिच्या लेखी ते कामात मोडतच नव्हतं. चष्मा पुसणं कोणी कामात धरतं का? केमिस्टची पाठ आत्याकडे असायची, तोंड पडद्याकडे. तिलाही दिसलं नाही.

आणि गुरुवारी आत्याचा दात दुखायला लागला.

दात पुढचा, वरचा. सकाळी दवाखान्यात जाऊन, सुई टोचून घेऊन, ती दहा वाजता कारखान्यात हजर झाली ती अर्धं तोंड सुन्न करूनच. चहा प्यायला गेली तर तो हनुवटीवरून स्वेटरवर. केमिस्ट हसली, मग हसल्याबद्दल माफी मागितली, मग पुन्हा हसली.

"हास, हास," आत्या सुन्न ओठाने 'प'चा 'फ' करत म्हणाली. "तुझेही दात फडतील एक दिवस."

तिने पहिलं रीळ घेतलं, धागा ताणला, ओठाला लावला. काहीच नाही. कोमट नाही, गार नाही, धागा आहे की नाही तेही कळेना. तुकडा यंत्रात लावला, आकडा लिहिला आणि वैतागून उरलेली रिळं थेट जबड्यात भरत सुटली. सुन्न ओठाला काय विचारायचं?

अकरा वाजता ती वहीकडे बघत बसली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"अगं, इकडे ये. फहिला आठ. फुढचे सगळे दहा."

"काय?"

"दहा! तुझ्यासारखे! दहा, दहा, दहा!"

केमिस्ट चाकांच्या स्टुलासकट घरंगळत आली. "पहिल्याला काय वेगळं केलंत?"

"काही नाही."

"आत्या, आठवा. काहीतरी केलंत."

आत्याने आठवलं. आठवताना तिचा हात आपोआप वर गेला, दोन चिमटी, एक झटका, आणि मधला धागा थेट सुन्न ओठावर. केमिस्टने ते पाहिलं. तिचं तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलंच नाही.

"हे तुम्ही रोज करता?"

"रोज नाही गं."

"हुश्श."

"दर तुकड्याला करते."

केमिस्टने डोकं टेबलावर टेकवलं आणि खांदे हलवत हसत राहिली. डोकं वर केलं तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि ती एकदम भरभर बोलायला लागली. तीन दिवस खोलीत कोंडलेलं सगळं त्या बोलण्यातून बाहेर पडत होतं.

"धागा म्हणजे लांबच लांब साखळ्या, आत्या. आणि प्रत्येक साखळीत आलटून पालटून दोन स्वभावाचे तुकडे. एक मऊ, एक कडक. मऊ तुकडे नुसते गुंडाळून, वेडेवाकडे पडलेले असतात. सुट्टीच्या दुपारी सोफ्यावर माणसं पडतात ना, तसे."

"मास्तर."

"आणि कडक तुकडे आपल्यासारखे दुसरे कडक शोधतात, एकमेकांना चिकटून घट्ट गठ्ठे करतात, आणि सगळं धरून ठेवतात."

"माझी सासू आणि तिच्या बहिणी. फुढे?"

"धागा ओढला की आधी मऊ तुकडे सरळ होतात. त्यांची काही तक्रार नसते. मग ओढ गठ्ठ्यांपर्यंत पोचते. ते अडून बसतात, मग नाइलाजाने ओढीच्या दिशेने वळतात, काही फुटतात, दुसरीकडे जाऊन जुळतात. या सगळ्याला जोर लागतो. सोडलं की मऊ तुकडे परत आक्रसतात, धागा आखूड होतो, बघणाऱ्याला वाटतं होता तसा झाला. पण गठ्ठे पहिल्यासारखे बसत नाहीत! म्हणून दुसऱ्यांदा ओढताना जोर कमी लागतो. यंत्र पहिली ओढ मोजतंय. तुम्ही एकोणीस वर्षं दुसरी मोजताय."

आत्याने एक तुकडा बोटांत ताणून बघितला. "मी चौफट ताणते. चौफटीच्या फुढे नेलं तर?"

"पुढे परत पहिल्यासारखा जोर. तिथवर त्याला कोणी नेलेलंच नसतं ना."

"दाखव."

आणि मग ती दुपार! कोणाला सांगून पटणार नाही अशी दुपार. एक पन्नाशी ओलांडलेली बाई आणि एक सव्विशीची पोर, दोघी स्वेटरमध्ये, यंत्राला धाप लागेपर्यंत धागे ताणत होत्या. दुप्पट, सोड. तिप्पट, सोड. पाचपट! पडद्यावर निळ्या रेघा एकीवर एक चढत होत्या. दुसरी ओढ पहिलीच्या खालून मऊसूत जायची आणि जिथे पहिली थांबली होती तिथे आली की एकदम मान वर करायची, अगदी त्या जागी, जणू धाग्याने खूण करून ठेवलेली. प्रत्येक वेळी आत्या टाळी वाजवायची. सुन्न ओठामुळे तिचं हसू एका बाजूनेच यायचं, आणि ते बघून केमिस्टला नव्याने हसू फुटायचं. एकदा तर मॅनेजरसाहेब दाराच्या काचेतून डोकावले, दोघींना बघितलं आणि दार न उघडताच परत गेले.

सुन्नपणा उतरला तसा आनंदही उतरला. चार वाजता आत्याने मागच्या वह्यांच्या कपाटाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या वह्या. एकूणएक आकडा दुसऱ्या ओढीचा.

"म्हणजे मीच चुकत होते," ती म्हणाली.

केमिस्टने बटण नसलेल्या स्वेटरची कडा नुसती बोटाभोवती गुंडाळली.

संध्याकाळी आत्याने मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर सोफ्यावर आडवे, पाय उशीवर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेबांना सांगितलं तर सोमवारी पॅकिंगला. नाही सांगितलं तरी सोमवारी पॅकिंगला."

"मग सांगून टाक. पॅकिंगला जायचंच तर खरं बोलून जा," मास्तर म्हणाले. मग त्यांनी पाय हवेत उचलून आपल्या मोज्यांकडे बघितलं. "पण मला एक कळत नाही. तू एकोणीस वर्षं चुकीचं मोजलंस, तर माझे मोजे एकदाही का गळले नाहीत? तुझ्या आकड्यावरच करतात ना ते लोक?"

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि त्यांच्या कपाटाचा खण उघडला.

"ए! त्याला हात नाही लावायचा. नवी जोडी आहे ती. पायात घातलीसुद्धा नाही अजून."

"म्हणूनच हवीये."

"अगं, मग जुनी घे! कात्री कशाला? अहो बाई! एकच काप, एकच!"

शुक्रवारी सकाळी दोघींनी मास्तरांच्या न घातलेल्या उजव्या मोज्याचा एक-एक टाका उसवून आतला धागा मोकळा केला. सूत वेगळं, ताणला जाणारा धागा वेगळा. तो नव्या यंत्रात लावला. मुद्दाम नव्या, हात न लागणाऱ्या. यंत्राने ताणला. पडद्यावर आकडा आला.

आठ.

दुसरा तुकडा. आठ. तिसरा, आठाला चिमूटभर कमी.

"यांनी आधीच ताणलाय!" केमिस्ट ओरडली. तिने पायमोजेवाल्यांच्या कारखान्यात फोन लावला आणि विणकाम विभागातल्या बाईंना विचारलं. त्या बाईंना प्रश्नच बावळटपणाचा वाटला. अर्थातच ताणतो, त्या म्हणाल्या. धाग्यावर सूत गुंडाळायचं तर आधी तो चौपटीच्या आसपास ओढूनच घ्यावा लागतो, मग विणायला जातो. तुम्हाला माहीत नाही?

नव्हतं माहीत. कुणालाच नव्हतं. पहिली ओढ त्या कारखान्यातच संपून जायची. माणसाच्या पायाशी गाठ पडायची ती दुसरीची. आत्याने चुकून, ओठाच्या लाडापायी, बरोबर तीच मोजली होती.

आता प्रश्न एवढाच की हे मॅनेजरसाहेबांच्या गळी कसं उतरवायचं. साहेबांना रेघा दाखवल्या की ते मान डोलवायचे आणि काहीही समजून घ्यायचे नाहीत. शनिवारचा अर्धा दिवस आत्याने भाचीबरोबर आवारात खडूने रेषा मारण्यात घालवला.

सोमवारी अकरा वाजता, पायमोजेवाला माणूस गाडीतून उतरला तेव्हा समोर रिळं भरणाऱ्या विभागातले तीस जण तीन रांगांत उभे होते. काहींच्या हातात चिंध्यांचे सैल पट्टे, दोन माणसांत एक. काहींच्या हातात धागा गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, त्याही दोघांत एक, आडव्या धरलेल्या, आणि तिन्ही रांगांतल्या नळ्या एकमेकींना खेटून.

"साहेब, तुम्ही हे टोक धरा," आत्या म्हणाली. "पाहुणे, तुम्ही ते. पट्टेवाले मऊ, नळीवाले कडक. मी म्हणेन तेव्हा ओढायचं."

"आत्या, हे काय चाललंय?"

"धागा चाललाय. ओढा!"

साहेबांनी ओढलं. पट्टे सरसर सरळ झाले, सगळे दोन पावलं पुढे आले, सोपं होतं. मग नळ्या अडल्या. नळीवाल्यांनी एकमेकांना सोडायला साफ नकार दिला. "सोडू नका रे!" भाची ओरडली. साहेबांनी टाच रोवली, चेहरा लाल केला. एक गठ्ठा कचकन सुटला, नळ्या गर्रकन फिरून उभ्या झाल्या, कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत गेलं, किंकाळ्या, हशा, आणि सगळी रांग खडूच्या पांढऱ्या रेषेपर्यंत येऊन थांबली.

"सैल सोडा! मागे जा सगळे, जागेवर."

सगळे मागे गेले. पट्टे पुन्हा लोंबकळले. पण नळ्या आडव्या राहिल्या नव्हत्या. बऱ्याचशा तिरक्या, काही गठ्ठ्यांतून सुटलेल्या.

"आता परत ओढा, साहेब."

साहेबांनी मघाचाच जोर लावला आणि रांग इतकी झपकन आली की ते पाठीवर आडवे होता होता राहिले. आत्याने मागून धरलं. पांढऱ्या रेषेवर आल्यावर पुन्हा गच्च. साहेबांनी ओढून बघितलं. हलेना.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेब रेषेकडे बघत होते. मग नळ्यांकडे. मग हळूहळू, पहिल्यांदाच त्या आवारात, त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काहीतरी उमटलं.

"परत एकदा करूया," ते म्हणाले.

सहा वेळा केलं. शेवटच्या दोन वेळा साहेब स्वतः नळी धरून आत शिरले, कडक म्हणून.

धापा टाकत सगळे सावलीत बसल्यावर आत्याने उसवलेला मोजा पाहुण्यांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. ओठाचंसुद्धा. काही लपवलं नाही. साहेब घाम पुसत म्हणाले, "मग यंत्रालाच सांगू की, आधी चौपट ताण, मग मोज. आत्यांची काय गरज?"

पाहुणे मोजा उलटसुलट करून बघत होते. "यंत्राला सांगाच," ते म्हणाले. "पण मला यापुढे दोन्ही आकडे हवेत, साहेब. पहिल्या ओढीचा आमच्या यंत्रांसाठी, दुसऱ्या ओढीचा पायांसाठी. दर रिळाचे दोन. आणि आमचा तयार माल उसवून तपासणारं कोणीतरी. आमच्याकडे हे कोणाला सुचलं नव्हतं."

कामाचा हिशेब साहेबांना पटकन जमायचा. रिळं चाळीस, आकडे ऐंशी, वर उसवायचं काम. एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं ते. खोलीत दुसरी खुर्ची आली, जुनं यंत्र जागेवरच राहिलं, आणि भिंतीवरच्या चौकटीत केमिस्टने एक नवी ओळ घातली: तुकडा कापा, हाताने चौपट ताणा, सोडा, मग जबड्यात धरा. ओठाचं लिहायला साहेबांनी परवानगी दिली नाही. ते आरोग्याच्या नियमात बसत नाही म्हणाले.

मास्तरांना पायमोजेवाल्यांनी एक अख्खा डझन जोड्या पाठवल्या. त्यांनी त्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या, आत्याचा हात पोचणार नाही अशा.

त्यानंतर आत्या त्या खोलीत आणखी सहा वर्षं बसली. एकदाही पॅकिंगच्या शेडकडे फिरकली नाही. मुद्दाम लांबच्या वाटेने जायची. शेवटच्या दिवशी आवारात भाषणं झाली, साहेब बोलता बोलता अडखळले, भाची रडली. आत्याने भाषण केलं नाही. स्वेटर काढून पिशवीत भरायला ती तेवढी खोलीत आली. केमिस्टचे डोळे लाल झाले होते. ती दाराशी उभी राहिली, काहीतरी मोठं ऐकायच्या तयारीने. आत्याने पिशवीचे बंद बांधले, यंत्राकडे एकदा बघितलं आणि जाता जाता म्हणाली,

"माझी खुर्ची घेणार असलीस तर बघ हं, ती डावीकडे कलते. बसताना जरा सांभाळून."